दोन कुलपांचं दार

"आधी बोट लावा," अण्णा म्हणाले.

सरोदेकाका उंबऱ्याबाहेर उभे होते. मे महिन्यातली दुपार कलली होती, पण जळगावात मे महिन्यातली दुपार कलते ती फक्त घड्याळात. ते भुसावळहून गाडी चालवत आले होते. मागे त्यांच्या पत्नी कुमुदकाकू आणि मुलगा प्रणव. आणि मुलीच्या बापाने नमस्कार करायच्या ऐवजी त्यांना दाराच्या वरच्या कुलपावर बोट ठेवायला सांगितलं होतं.

"कशाला?"

"लावून तर बघा."

काकांनी लावलं. कुलपाने लाल दिवा दाखवला आणि नापसंतीचा एक आवाज काढला.

"बघा," अण्णा खूश होऊन म्हणाले. "तुम्हाला उघडलं नाही. म्हणजे चालू आहे. या, या, आत या."

ज्या मुलीला बघायला ही मंडळी आली होती ती मी. कांचन झांबरे. मी आतून दार धरून उभी होते आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. प्रणव मात्र माझ्याकडे बघून किंचित हसला. स्थळ बघायला आलेला मुलगा हसतो तसं ते हसू नव्हतं. दवाखान्यात आपल्या आधीच्या पेशंटकडे बघून माणूस हसतो, तसं होतं.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. अण्णा तेव्हा टेलिफोन खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर तारा जोडलेले हात घरी बसून नुसते वर्तमानपत्र उलटत होते, आणि त्या हातांना काम आईने मिळवून दिलं. आईला दार लावायची सवय नाही. एकदा ती फैजपूरला एका लग्नाला गेली ती घर सताड उघडं टाकून. संध्याकाळी अण्णा आणि मी परत आलो तर शेजारचे वाणीआजोबा आमच्या सोफ्यावर पाय घेऊन आमचा टीव्ही बघत होते. "उघडं दिसलं, म्हणून राखण करत बसलो," ते म्हणाले. "चहापत्ती सापडली, साखर नाही सापडली."

त्या दिवशी अण्णांनी ठरवलं की आपल्या दाराला असं कुलूप हवं जे कुणावर अवलंबून नाही. दार ओढलं की आपलं आपण लागणारं. मग ते बाजारातली सगळी दुकानं फिरले. माहितीपत्रकं आणली. रोज जेवताना आम्ही बोटाचं कुलूप, नंबरचं कुलूप, कार्डाचं कुलूप, मोबाइलचं कुलूप यांची गुणवैगुण्यं ऐकत होतो. कार्ड आई हरवेल म्हणून बाद झालं. मोबाइल अण्णाच हरवायचे म्हणून तेही बाद. शेवटी बोट आणि नंबर अशी दोन उरली, आणि दोन्हींतून एक निवडणं अण्णांना काही केल्या जमेना. दुकानदार त्यांच्या ओळखीचा. त्याने दोन्ही कुलपं वापरून बघायला दिली. अण्णांनी ती एकाच दारावर बसवली, वर बोटाचं आणि खाली नंबरचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं मत घ्यायला सुरुवात केली. दूधवाला बोटाच्या बाजूने होता, गॅसवाला नंबरच्या. आई म्हणायची, "मला विचाराल तर कडी."

आतून दोन्ही कुलपं साधी होती. हँडल खाली दाबलं की उघडायचं. बाहेरून मात्र वरच्याला अण्णांचा उजवा अंगठा लागे. आमची बोटं त्यांनी अजून चढवली नव्हती. कायमचा निर्णय झाल्याशिवाय घरच्यांची बोटं खर्च करायची नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. आणि त्याच दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी शेवटचा स्क्रू आवळताना, पेचकस निसटून नेमका तोच अंगठा कापला होता. त्यावर ही जाड पट्टी होती.

हॉलमध्ये सगळे बसले. पन्हं झालं, केळ्याचे वेफर्स झाले. सरोदेकाका एका पतसंस्थेचे व्यवस्थापक होते. त्यांनी गाडीची किल्ली टीपॉयवर ठेवली, चष्मा पुसला आणि मुलाखत घेतात तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली. शिक्षण, रास, उंची. मग, "सध्या काय करता?"

"फिजिओथेरपिस्ट आहे," मी म्हटलं. "इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये."

"म्हणजे ते लोकांचे हातपाय ओढायचं?"

"साधारण तसंच."

"चांगलं आहे. पण लग्नानंतर त्याचं काय ते बघू. आमच्याकडे घरात माणसांचा राबता फार असतो. घरातच खूप होऊन जातं." आणि ते अण्णांकडे वळले. "काय झांबरेसाहेब?"

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. ते दाराकडे बघत होते. "सरोदेसाहेब, तुमच्या पतसंस्थेत तिजोरीला काय आहे? बोट की नंबर?"

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि वेफर्सची बशी उगाच थोडी सरकवली.

"नंबर," काका म्हणाले. "नंबरशिवाय काही खरं नाही. बोटाचं काय, उद्या बोटाला काही झालं तर?"

अण्णांनी पट्टीचा अंगठा हळूच मांडीखाली घेतला. "बोट विसरता येत नाही. नंबर माणूस विसरतो."

"मी नाही विसरत."

"तुम्ही नाही विसरत. पण इतरांना तो कळतो. शेजारचा मागे उभा राहून बघतो."

"दाखवतो तुम्हाला," असं म्हणून काका उठले. मुलगी बघायचा कार्यक्रम तिथे संपला आणि दुसराच सुरू झाला. अण्णांनी नंबर बदलायची कृती सांगितली, काकांनी अंगाचा आडोसा करून खालच्या कुलपात स्वतःचा नवा नंबर घातला आणि परत येऊन बसले. चष्मा काढून किल्लीशेजारी ठेवला. "आता मी सोडून या घरात कुणाला येता येणार नाही," ते समाधानाने म्हणाले.

"काका, पण घर आमचं आहे," मी म्हणाले.

प्रणवला ठसका लागला.

मी चहा टाकायला आत गेले. रिकामे पेले घेऊन कुमुदकाकू माझ्यामागे आल्या. त्या आल्यापासून एक शब्दही बोलल्या नव्हत्या. बोलायला तोंड उघडलं की काका बोलायचे, आणि त्या मान हलवून पदर सारखा करायच्या. मला वाटलं, स्वयंपाकघर तपासायला आल्या असतील. त्यांनी पेले ठेवले आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

बाहेर आवाज वाढला. "चला ना, दारात जाऊनच बघू," असं काका म्हणत होते. "बाहेरून उघडून दाखवा तुमचं." अण्णा म्हणाले, "तुम्हीही चला, प्रणवराव, सगळे बघा." मग आईचा आवाज, "अहो, उन्हात कशाला." मग चपला सरकल्याचे आवाज आणि दार ओढल्याचा. आधी वरचं कुलूप सूर काढून लागलं, मग खालचं.

पाठोपाठ वरच्या कुलपाचा तो नापसंतीचा आवाज आला. पुन्हा आला. पट्टी सोडल्यावरही अंगठ्यावर चीर होतीच. ज्याने बसवलं त्यालाही कुलूप ओळखेना. मग खालच्या कुलपाची बटणं वाजली आणि तेही तसंच बोललं. काकांचा चष्मा आत होता.

"नंबर सांगा, मी दाबतो," अण्णांचा आवाज.

"सांगितला तर तो गुप्त कसला?"

पुन्हा बटणं. पुन्हा. मग एक लांब शिट्टी, म्हणजे चुकीचे नंबर फार झाल्यामुळे कुलूप थोडा वेळ रुसून बसलं होतं. आमचं रो-हाऊस, जायला-यायला एवढं एकच दार. संकटकाळची किल्ली शोकेसमध्ये, आत.

मी गॅस बारीक करून निघाले. आतून दोन हँडलं दाबली की काम होणार होतं. कुमुदकाकूंनी माझा हात धरला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "नको उघडूस."

"काकू, बाहेर ऊन आहे."

"पोर्चमध्ये सावली आहे. मी बघितलंय येताना." त्यांनी हॉलमध्ये येऊन पंखा वाढवला आणि त्या दाराशेजारच्या खिडकीपाशी गेल्या. पडदा थोडा बाजूला करून म्हणाल्या, "अहो, आतूनही उघडत नाहीये."

"असं कसं होईल?" अण्णांच्या आवाजात खरी भीती होती. "वहिनी, वरचं हँडल पूर्ण खाली दाबा. मग ते धरूनच खालचं."

"दाबलं," सोफ्यावर बसत काकू म्हणाल्या. "नाही होत." त्यांनी पाय वर घेतले. "चहा झाला असेल तर आण ना बाळा. दोघींपुरताच."

मी चहा आणला. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. काकूंनी चहाचा घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग सरळ बसून म्हणाल्या, "मला तुझ्याशी एकटीशी बोलायचं होतं. कसं जमवावं ते समजत नव्हतं, तुझ्या वडिलांच्या कुलपाने जमवलं. तू या स्थळाला नाही म्हण."

"का?"

"प्रणवचं नाशिकला एका मुलीशी जमलंय. त्याच्याच कंपनीत आहे. ऋजुता नाव. चांगली आहे, मी फोनवर बोलले आहे तिच्याशी. पण आपल्या समाजातली नाही. ह्यांना सांगायची त्याची हिंमत होत नाही. रविवारी घरी येतो, ह्यांनी ठरवलेली मुलगी बघतो, तोंड पाडून परत जातो."

"मग याआधी काय झालं?"

"पहिल्या मुलीची पत्रिका जमली नाही. दुसरीची मीच जमू दिली नाही. गुरुजी माझ्या माहेरचे आहेत." त्या अजिबात न हसता हे सांगत होत्या. "तुझी मात्र फार छान जमली. गुरुजींचा नाइलाज झाला. म्हणून म्हणते, तू नाही म्हण. मुलगा पसंत नाही म्हण. काहीही दोष दे. नाक मोठं आहे म्हण."

बाहेरून आईचा आवाज आला, "कांचन, गॅसवर काही नाहीये ना?"

"नाही आई."

"मग सावकाश उघडा. घाई नको."

मी काकूंकडे बघत होते. मला राग यायला हवा होता. नटूनथटून बसले होते, सकाळी अण्णांनी मला शंभरदा सांगितलं होतं की यावेळी नीट बोल. पण राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

"काकू, मी नाही म्हटलं की पुढच्या रविवारी तुम्ही यावल नाहीतर रावेर, कुठेतरी जाल. ती मुलगी नटून बसेल. तिची आई वेफर्स तळेल. प्रत्येकीच्या घरी असं कुलूप थोडंच असणार आहे?"

काकूंनी कप टीपॉयवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुला तरी करायचंय का लग्न?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे ते बोलून बघितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "ते राहू द्या. आधी त्याला आत घेऊ."

"कसं?"

मी खिडकीशी गेले. पोर्चमध्ये सगळे दाराला तोंड करून उभे होते, देवळाचा गाभारा उघडायची वाट बघतात तसे. "अण्णा, बाहेरून कुणीतरी जोरात ढकललं आणि त्याच वेळी मी आतून हँडलं दाबली तर होईल असं वाटतंय. तरुण माणूस लागेल. बाकीचे मागे व्हा."

अण्णांना तांत्रिक उपाय नेहमीच पटतो. "बरोबर. अडकलेल्या खिटीवरचा दाब जातो. प्रणवराव, खांदा लावा."

प्रणवने खांदा लावला. मी हँडलं दाबली. तो जवळजवळ धावतच आत आला, शोकेसला धडकता धडकता वाचला, आणि दार त्याच्या मागे आपलं आपण लागलं. वरचं, मग खालचं.

"अहो, पाय ठेवायचा ना मध्ये," अण्णांचा हताश आवाज आला.

प्रणवने आईकडे बघितलं, सोफ्यावर घेतलेल्या तिच्या पायांकडे बघितलं, दोन कपांकडे बघितलं. त्याला सगळं कळलं असावं. तो मान खाली घालून म्हणाला, "सॉरी. खरं तर मीच फोन करणार होतो तुम्हाला. नंबर मिळवला होता. लावला नाही."

"मला नका सांगू," मी म्हटलं. "तिकडे सांगा." आणि खिडकीकडे बोट केलं.

"बाबांना? आत्ता?"

"का नाही?"

"तुम्हाला माहीत नाही. त्यांच्यासमोर माझं वाक्य पुरं होत नाही. मी सुरू केलं की ते उठून जातात. नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवतात."

"इथे टीव्ही आत आहे," मी म्हटलं. "त्यांची गाडीची किल्लीही आत आहे आणि चष्माही. ते कुठेही जाऊ शकत नाहीत. आणि आत तर येऊच शकत नाहीत."

प्रणव किल्लीकडे बघत उभा राहिला. मग त्याने पाणी मागितलं. मी दिलं. ते पिऊन तो खिडकीशी गेला आणि दोन्ही हातांनी गज धरले. शाळेतल्या मुलाने कविता म्हणायला उभं राहावं तसा तो ताठ उभा होता.

"बाबा, मला बोलायचंय."

"आधी दार उघड."

"नाही. आधी ऐका."

सरोदेकाकांनी आजूबाजूला बघितलं. जायला जागा नव्हती. एका बाजूला माझे वडील, दुसऱ्या बाजूला माझी आई, समोर गजांतून मुलगा. तो बोलत गेला. ऋजुताचं नाव, कंपनी, ती कुठली, किती दिवसांपासूनचं. मध्ये काका दोनदा काहीतरी म्हणायला गेले, पण प्रणव थांबला नाही. बहुधा थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही हे त्याला माहीत होतं. सगळ्यात शेवटी तो म्हणाला, "मी तुमचा अपमान करायला हे सांगत नाहीये. मी इतके दिवस सांगितलं नाही, तो तुमचा अपमान होता."

मी अण्णांकडे बघत होते. दारासाठी आसुसलेला त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आपल्या मुलीला बघायला आलेला मुलगा आपल्याच खिडकीतून सांगतोय की त्याला दुसरी मुलगी हवी आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. "कांचन," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आत्ताच कळलं, अण्णा."

"आधी त्यांना पाणी दे," आई म्हणाली. मी गजांतून पेला बाहेर दिला. काकांनी तो घेतला, सगळं पाणी संथपणे पिऊन पेला हातातच ठेवला.

"नाशिकची?" त्यांनी विचारलं.

"सिन्नरची. नोकरी नाशिकला."

"तुझ्या आईला माहीत होतं?"

कुमुदकाकू सोफ्यावरून उठल्या आणि मुलाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगायला बसले. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, थांब, बातम्या लागल्यात."

काकांनी रुमालाने चेहरा पुसला. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. रागावलेला माणूस मी पुष्कळदा बघितलाय, पण ते रागावलेले दिसत नव्हते. कुणाला तरी रस्ता विचारून आलेल्या आणि भलतीकडेच पोचलेल्या माणसासारखे दिसत होते. मग ते अण्णांकडे वळून म्हणाले, "सात एक सात एक."

"काय?"

"नंबर. खालच्याला दाबा तुम्ही, वरच्याचं मग बघू. मला दिसत नाही."

"त्याची गरज नाही," काकू आतून म्हणाल्या. "आतून उघडतं ते."

"मघाशी उघडत नव्हतं ना?"

"मघाशी मला उघडायचं नव्हतं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः दोन्ही हँडलं खाली केली.

त्यानंतर सगळ्यांनी चहा घेतला. असा निःशब्द चहा मी कधी प्यायलेली नाही. काकांनी चष्मा लावला, किल्ली घेतली, आईला म्हणाले, "वेफर्स छान होते," आणि निघाले. प्रणव मागे बसला, काकू पुढे. गाडी सुरू केल्यावर काका काच खाली करून अण्णांना म्हणाले, "काही म्हणा, नंबरचंच घ्या."

पुढचं मला काकूंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. काका दिवाळीपर्यंत मुलाशी बोलले नाहीत, पण बातम्यांच्या वेळी टीव्ही बंद करून नुसते बसायला लागले. दिवाळीनंतर एक दिवस म्हणाले, सिन्नरला जाऊन यायचं का. लग्न साध्या पद्धतीने झालं. आम्ही तिघं गेलो होतो. ऋजुताने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "तुमचं दार बघायचंय एकदा." कुमुदकाकूंच्या आणि माझ्या भेटीगाठी अजून चालू आहेत. त्यांचे दोन्ही गुडघे माझ्या हाताखालून गेलेत.

पण माझ्यासाठी त्या दिवसाची गोष्ट गाडी गेल्यानंतर सुरू झाली.

अण्णा पोर्चच्या पायरीवर बसून होते. ऊन उतरलं होतं. आई आत बशा विसळत होती आणि मुद्दाम आवाज करत नव्हती. मी साडी बदलून आले तरी ते तिथेच. मी दारात उभी राहिले.

"आत या ना."

"येतो." ते उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तो मुलगा धीराचा निघाला."

"दार बंद होतं म्हणून निघाला."

ते त्यावर विचार करत बसले. मग उठले, पण आत यायच्या ऐवजी त्यांनी बाहेरूनच दार ओढून घेतलं. वरचं लागलं, मग खालचं. मी आत एकटी. ते खिडकीशी आले आणि चीर पडलेला अंगठा मला गजांतून दाखवला.

"आता मला आत येता येत नाही," ते म्हणाले. "तू उघडेपर्यंत. सांग."

"काय सांगू?"

"ते मला कसं माहीत असणार. तुझं जे काही असेल ते. सरोदे नोकरीबद्दल बोलले तेव्हा मी बरोबर आहे म्हटलं. कशाला म्हटलं, मला माहीत नाही. मी कुलपाकडे बघत होतो. तुझ्या आईने बशी सरकवली ते मात्र दिसलं मला."

मला वाटलं होतं की कधी बोलायची वेळ आली तर रडू येईल. आलं नाही. मी गज धरले आणि सांगितलं. आत्ता लग्न नको. हॉस्पिटलमध्ये मला आलेला पेशंट नीट बघायला वेळ मिळत नाही, एकाला शेक लावते तेवढ्यात दुसरा आणून बसवतात. मला स्वतःचं सुरू करायचंय. गुडघे-कंबर धरलेल्या माणसांना जिने चढता येत नाहीत, म्हणून तळमजला हवा. बसस्टॉप जवळ हवा. आपला हॉल तसा आहे.

"हा हॉल?"

"हा."

"कधीपासून आहे मनात?"

"तुम्ही कुलपं बघायला लागायच्या आधीपासून."

"सांगितलं नाहीस."

"एकदा सुरुवात केली होती. तुम्ही मला कार्डाचं कुलूप कसं चालतं ते समजावून सांगितलंत."

अण्णांनी मान हलवली. त्यांना तो दिवस आठवत असावा. कार्डाबद्दलचं सगळं त्यांना आठवतं. ते बराच वेळ दाराकडे, त्यावरच्या दोन चकचकीत कुलपांकडे बघत राहिले. इतक्या दिवसांची पायपीट होती ती.

"म्हणजे दार दिवसभर उघडं राहणार."

"गुडघा धरलेला माणूस बोट लावत उभा राहणार नाही, अण्णा."

"नाही राहणार," त्यांनी कबूल केलं. "नंबरही नाही दाबणार." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि गजांतून आत वाकून हॉलकडे असं बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाचं घर भाड्याने बघायला आले आहेत. सोफा, टीपॉय, शोकेस, खिडकी. ओठ हलत होते. मग म्हणाले, "टेप कुठे आहे?"

"कसली?"

"मोजायची. इथे टेबलं किती बसतात ते आधी बघायला लागेल. पेशंटला वळायला जागा लागते ना? आणि शोकेस हलेल का ते बघू. उघड दार."

मी दोन्ही हँडलं खाली केली. ते आत आले, मागे दार लागलं की नाही हे न बघता सरळ समोरच्या भिंतीपाशी गेले, आणि दुखरा अंगठा वर धरून त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं.